कोकणातलं जुनं चिरेबंदी घर घेताय? आधी पाण्याची वाट शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूर-लांजा पट्ट्यात साधारण सत्तर वर्षांचं जांभ्याचं घर तुम्हाला आवडलंय. कौलारू, पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे न्हाणी आणि तिला लागून एक खोली. तुम्ही ते मे महिन्यात पाहिलंत. रंग ताजा होता, तरी माजघराच्या भिंतीवर अडीच फुटांपर्यंत फुगे आलेले दिसले आणि मागच्या खोलीत कुबट वास आला. एजंट म्हणतो, "कोकणात ओल असायचीच, वॉटरप्रूफिंगचा एक हात मारला की झालं." घर घ्यावं का, आणि घेतलं तर ओलीचं काय करायचं?

गेली अठ्ठावीस वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांची दुरुस्ती करतोय. त्यावरून सांगतो : घर सोडू नका, पण इतक्यात इसारही देऊ नका. जुलैत, चांगला चार दिवस पाऊस लागून राहिला की एकदा जाऊन या. मे महिन्यातलं कोकणातलं घर सगळ्यांनाच आवडतं. ताजा रंग लपवाछपवीसाठीच दिलाय असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे डागडुजीचा हंगामच तो. पण जिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथलं घर कोरड्या दिवसांत पाहून व्यवहार ठरवू नये.

मालक म्हणेल, पावसात कशाला येता, रस्ता खराब असतो. तरी जा.

गेलात की आधी आत शिरू नका. छत्री घेऊन घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात ते बघा. कौलांवरून उतरलेलं पाणी जोत्यापासून दोन फूट लांब पडून वाहून जातंय, की जोत्याच्या कडेलाच डबकं करतंय? भिंतीवर खालून दीड-दोन फुटांपर्यंत लाल चिखलाचे शिंतोडे असतील, तर पागोळीचं पाणी रोज उसळून भिंतीवर आपटतंय. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांचा निम्मा आजार इथेच असतो, आणि तो बरा करायला रसायन लागत नाही, फावडं लागतं.

मग जोतं बघा. ही घरं बांधली तेव्हा जोतं दोन-अडीच फूट उंच असायचं. सत्तर वर्षांत अंगणात दरवर्षी माती पडली, पाला कुजला, कुणी भर घातली, समोरचा रस्ता डांबरावर डांबर चढून उंच झाला. आता पडवीला तीनऐवजी एकच पायरी उरली असेल, तर उरलेल्या दोन पायऱ्या जमिनीखाली गेल्यात, आणि त्यांच्यासोबत भिंतीचा तेवढा भागही. बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी, नऊ असेल तर उत्तम. अलीकडे अंगणभर पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटचा कोबा करायची हौस आलीय. दिसायला स्वच्छ, पण पूर्वी अंगणातून वाफ होऊन जाणारी ओल मग भिंतीकडे सरकते, कारण तिला बाहेर पडायला तेवढीच जागा राहते. घराच्या आत शेणाने सारवलेली जमीन उखडून गुळगुळीत टाइल बसवली असेल तर तेच घडतं. तुमच्या माजघरात टाइल आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून घ्या, आणि असेल तर कधी बसवली तेही विचारा. "टाइल बसवल्यानंतर दोन वर्षांनी भिंत फुगायला लागली" असं उत्तर मला अनेकदा मिळालंय.

आवारात विहीर असेल तर तिच्यात डोकवा. भर पावसात पाणी किती हात खाली आहे ते बघा. पाणी काठापासून चार हातांवर आलं असेल आणि घर विहिरीच्याच पातळीवर असेल, तर पावसाळाभर पायाखालची माती पाण्याने भरलेली राहणार. विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळाची रेघ असते. पाणी दरवर्षी कुठवर चढतं ते तिच्यावरून कळतं.

आता आत या. ओल कुठून आली हे तिच्या आकारावरून बरंच कळतं. जमिनीतून चढलेली ओल भिंतीच्या पायथ्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाते. तिची वरची कड जवळजवळ आडवी असते आणि त्या कडेवर पांढरा लोणा, म्हणजे मिठाची भुकटी, फुटतो. साधारणपणे ती तीन-सव्वातीन फुटांच्या वर जात नाही. कौलातून किंवा पन्हळीतून उतरलेल्या पाण्याचे तपकिरी ओघळ वरून खाली येतात, बहुतेक जिथे दोन छपरं मिळतात त्या कोपऱ्यात. झडीची ओल नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींना लागते, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. म्हणून तर आपल्याकडे त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायचे. आणि नळाची किंवा न्हाणीची ओल गोलसर, एकाच जागी, बारा महिने असते.

तुम्ही मे महिन्यात भिंतीला हात लावून पाहिलात का? फुगा फोडून आतला गिलावा हाताला ओला लागला, की नुसता भुसभुशीत? सात महिने पाऊस नसताना भिंत ओली असेल तर पाणी बहुधा पावसाचं नाही. न्हाणी, पाण्याची टाकी किंवा फुटका पाइप शोधा. भुसभुशीत पण कोरडी असेल तर तो गेल्या पावसाळ्याचा माग आहे. मधला एक प्रकारही असतो : पावडर कोरडी, पण संध्याकाळी हवा दमट झाली की भिंत काळपट पडते आणि सकाळी उन्हात पुन्हा फिकी होते. हे मिठाचं काम. भिंतीत साचलेले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात.

या क्षारांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण एजंटच काय, पुष्कळ ठेकेदारही ते लक्षात घेत नाहीत. जमिनीतलं पाणी भिंतीत चढताना विरघळलेलं मीठ घेऊन येतं. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. दरवर्षी थोडं थोडं साचत दगडाच्या आणि गिलाव्याच्या छिद्रांत त्याचे स्फटिक होतात, फुगतात आणि पृष्ठभाग आतून फोडतात. बोटाने घासलं की पिठासारखं गळतं ते हेच. जिथे पूर्वी गोठा होता त्या भिंतीला लोणा सर्वांत वाईट, कारण वर्षानुवर्षं गोमूत्र मुरून माती नायट्रेटने भरलेली असते. मागची कुबट खोली एके काळी गोठा होती का, हे शेजारच्या एखाद्या आजीला विचारा. कोकणात अशा किती तरी खोल्या मागाहून गिलावा करून राहण्याच्या झाल्यात. दुसरं कारण वाळू. खाडीची न धुतलेली वाळू गिलाव्यात वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून भिंतीतच आहे, मग जमिनीतून थेंबही चढला नाही तरी ती भिंत पावसाळ्यात ओलसर वाटणार.

म्हणूनच ओल मोजायच्या यंत्रावर फार विसंबू नका. दोन सुया टोचायचं ते यंत्र मुळात लाकडासाठी असतं. भिंतीत मीठ असेल तर ते फुगीर आकडा दाखवतं. एका खरेदीदाराला एका ठेकेदाराने तो लाल दिवा दाखवून घाबरवलं आणि चारही खोल्यांना रसायन मारायचं काम मिळवलं. ओल होती फक्त एका भिंतीत.

त्यापेक्षा घरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या. हातभर तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या मागे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसतेय. असाच एक तुकडा जमिनीवर लावा. पाऊस सुरू होताना लादीला घाम फुटतो, तो हाच हवेतल्या वाफेचा प्रकार, आणि लोक त्याला जमिनीतली ओल समजून लादी उखडतात. दोन दिवस मुक्काम शक्य नसेल तर फॉइल चिकटवून या आणि गावातल्या ओळखीच्या कुणाला तरी बघायला सांगा. मालक नाही म्हणाला, तर त्यातूनही काय ते समजा.

लाकडी किंवा पीव्हीसीचं पॅनेल, उंच टाइल किंवा सरकवता न येणारं कपाट एकाच भिंतीला असेल, तर त्यामागे बघितल्याशिवाय परत येऊ नका.

आता "वॉटरप्रूफिंगचा एक हात". इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात देवरुखकडच्या एका घराच्या भिंतीला गुडघाभर ओल होती. मी जुना चुन्याचा गिलावा काढला, वॉटरप्रूफ पावडर घालून सिमेंटचा गिलावा आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत मारला आणि वर महागाचा रंग दिला. पहिला पावसाळा भिंत कोरडीठाक. दुसऱ्या पावसाळ्यात त्या घरच्या काकूंचा निरोप आला. गेलो तर माझ्या गिलाव्याच्या वर, देव्हाऱ्याच्या मागे, साडेपाच फुटांवर भिंत काळी पडलेली. काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आधी ओल गुडघ्याला होती, आता डोक्याला आली." छिन्नीने तो गिलावा उचकटला तर ताटाएवढी खपली अलगद सुटून हातात आली. तिच्या पाठीला चिऱ्याचा अर्धा इंचाचा लाल थर चिकटलेला, आणि मागचा दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठत होता. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. मी त्याची हवाच बंद केली होती. दोन्ही बाजूंनी कोंडलेलं पाणी वाट शोधत वर चढलं. ते सगळं काम मी पदरचे पैसे घालून काढून टाकलं, आणि त्यानंतर जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावलेला नाही.

या घरांना जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला आपण डीपीसी म्हणतो, तो बहुधा नसतोच. बांधणाऱ्यांनी पाणी अडवलं नव्हतं. ते चढेल तेवढं चढू द्यायचं आणि चुन्यातून, मातीतून, उघड्या पडवीतून सुकू द्यायचं, अशी ती रचना होती. ती समजून घेतली तर दुरुस्ती स्वस्तात होते.

तुमचं घर माझ्याकडे आलं तर मी कामाचा क्रम असा ठेवीन. पहिल्या दिवाळीनंतर घराभोवतालची चढलेली माती काढून जमीन मूळ पातळीला आणायची आणि घरापासून बाहेरच्या दिशेने उतार द्यायचा. पागोळीच्या रेषेत उथळ चर काढून त्यात खडी भरायची आणि पाणी खालच्या परसात किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, सोडायचं. एक काळजी घ्या : जुन्या घरांचा पाया कधी कधी जेमतेम दोन-तीन फुटांचा असतो, त्यामुळे भिंतीला चिकटून पायापेक्षा खोल चर कधीही खणू नका, आणि खणकाम तुकड्यातुकड्याने करा. वळचण आखूड असेल तर वासे वाढवून कौलं एक-दीड फूट पुढे काढता येतात किंवा पन्हळ लावता येते. फुटकी कौलं, कुजलेल्या रिपा त्याच वेळी बदला. न्हाणीचं पाणी कुठे जातं ते पक्कं करा. न्हाणीची मोरी फुटून पाणी भिंतीच्या पायात मुरतंय, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की कुबट खोली न्हाणीला लागून आहे म्हटल्यावर माझा पहिला संशय तिथेच जातो.

मग भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग खरवडून भिंत उघडी करायची, आणि थांबायचं. इथेच मालकांचा धीर सुटतो. एक इंच जाडीची भिंत सुकायला साधारण एक महिना, असा आमचा ठोकताळा. चौदा इंची भिंत म्हणजे चौदा कोरडे महिने, आणि कोकणात वर्षाला कोरडे महिने सात-आठच. म्हणजे दोन उन्हाळे. त्या काळात दारंखिडक्या उघड्या ठेवा, लोणा फुटला की कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून लांब टाका. पाण्याने धुवू नका, धुतलं की मीठ पुन्हा आत जातं. वापरायला घर मिळतं, फक्त भिंती देखण्या नसतात.

गिलावा चुन्याचाच करायचा, एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू. दुकानात कित्येक महिने पडून हवा लागलेली पोती घेऊ नका, तो चुना मेलेला असतो. "थोडं सिमेंट घालू, लवकर पकडेल" असं गवंडी सांगेल. त्याला नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर काही दिवस हलका ओलसर ठेवायचा, कारण चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी चांगला काळ. एप्रिल-मेच्या उन्हात तो भरभर सुकून तडकतो. वरून चुन्याचीच सफेदी. गोठ्याच्या खारट भिंतीला पहिला गिलावा काही वर्षांत मिठाने खराब होईल. तो तेवढ्यासाठीच असतो, मीठ स्वतःत ओढून घ्यायचं आणि नंतर काढून टाकायचा.

भिंतीला ओळीने भोकं पाडून सिलेनचं, म्हणजे ओल अडवणाऱ्या रसायनाचं, क्रीम भरायची पद्धत वाईट नाही. एकसारखी वीट, एकसारखे सांधे असतील तर ती चालते. पण जांभ्याचा दगड कुठे दाट, कुठे पोकळ, सांध्यांत माती, जाड भिंतीत मध्ये गाळ आणि दगडगोटे. तिथे ते द्रव्य सगळीकडे सारखं पसरत नाही. बाहेरची पातळी आणि पागोळी सुधारूनही दोन पावसाळ्यांनंतर एखादी भिंत ऐकत नसेल तर तिच्यापुरता विचार करा. आधी नाही.

ओल शोधताना लाकूड विसरू नका. स्क्रू-ड्रायव्हर बरोबर घ्या. चौकटींचे खालचे कोपरे, खांबांचे तळ आणि तुळया जिथे भिंतीत शिरतात ती टोकं टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड गेलं. साग असेल तर बहुतेक वेळा पुष्कळ काही शाबूत मिळतं, मिसळ रानटी लाकूड असेल तर वाळवीच्या मातीच्या वाटा वरपर्यंत शोधा. भिंत दुरुस्त होते, पण तुळयांची टोकं गेली असली तर सगळं छप्पर उतरवावं लागतं, आणि घराच्या किमतीचा हिशेब तिथे बदलतो. विजेचं मीटर आणि वायरिंग ओल्या भिंतीवर असेल तर राहायला जाण्याआधी नवीन वायरिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. यात काटकसर नको.

किमतीबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो त्याने सांगायला हवा. पण फुगलेला रंग आणि कुबट वास तुम्हाला स्वतःलाच दिसलेत, आलेत. ते "साध्या काळजीने कळणारे" दोष झाले. नंतर तक्रारीला जागा कमी. त्यामुळे बोलायचं ते खरेदीखताआधी. गावातला गवंडी आणि सुतार नेऊन कामाचा अंदाज कागदावर घ्या आणि तो मालकापुढे ठेवा. मातीकाम, पागोळी, न्हाणी, चुना यांचा खर्च असेल तर थोडी घासाघीस करून घर घ्या. छप्पर उतरवायचं असेल तर किंमत त्या प्रमाणात उतरायलाच हवी. सातबारा आणि घरपट्टीच्या उताऱ्यावरचे सगळे हिस्सेदार सहीला तयार आहेत का, हे वकिलाकडून बघून घ्या. तो माझा प्रांत नाही, पण ओलीपेक्षा जास्त व्यवहार त्यापायी अडकलेले पाहिलेत.

मी स्वतः कोणतं घर सोडून देईन? भर पावसात माजघराच्या मधोमध उपळ फुटत असेल, म्हणजे जमिनीतूनच पाणी वर येत असेल, आणि ते बाहेर काढायला खालच्या बाजूला स्वतःची जागा नसेल, ते. चारही बाजूंनी रस्ता आणि शेजाऱ्यांच्या भरावामुळे खड्ड्यात गेलेलं घर, तेही. सांध्यातली माती वाहून जाऊन भिंतीला पोट सुटलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या मागच्या खोलीबद्दल मला एक शंका आहे, ती जुलैत मिटेल. घर उतारावर असेल आणि मागे डोंगर कापून जागा केली असेल, तर ती मागची भिंत मातीला टेकलेली असू शकते. तसं असेल तर न्हाणी दुरुस्त करून भागणार नाही, मागे तीन फूट रुंद मोकळी जागा आणि गटार काढावं लागेल. मागच्या बाजूने चालत जाता येतं का, भिंत आणि डोंगर यांत किती अंतर आहे, त्या फटीत पाणी वाहतंय की साचलंय, आणि विहिरीचं पाणी त्या दिवशी किती हातांवर आहे, एवढं बघून कळवा. खोली ठेवायची की पाडायची हे मी त्यानंतर सांगेन.